दहा मिनिटांची कोरी नोंद

रोज सकाळी पावणेनऊला नमुनाघराला कुलूप लागायचं आणि सगळे बाहेरच्या व्हरांड्यात दहा मिनिटं ताटकळत उभे राहायचे. नियम मोजणीबाईनंच केला होता, त्यामुळे तिला कुरकुरायची सोय नव्हती. ते काम फिजिओ मनापासून करायची.

"मोजणीबाई, आत कोणी नाही हे बघायला रोज दहा मिनिटं? मी एका मिनिटात सांगते. कोणी नाही."

मोजणीबाई हे नावही फिजिओनंच ठेवलेलं. ती होती इंजिनियर, पण घरून किती पावलांत बसस्टॉप येतो हेसुद्धा तिला पाठ असायचं, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच.

नमुनाघर म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या वर्कशॉपच्या तिसऱ्या मजल्यावर उभारलेलं खोटं घर. एक खोली, ओटा, चिंचोळा पॅसेज, बाथरूम. खिडकीपाशी हातांची खुर्ची. फ्रीज चालू, पण रिकामा. लिनोलियमखाली वीत-वीतभर चौकोनी सहाशे चाळीस मोजफरश्या, आणि प्रत्येकीच्या पोटात तिच्यावर पडणारा भार टिपणारं यंत्र. जमीन इंजिनियरिंगची, फिजिओ वैद्यकीय विभागाची, आणि फॉर्म समाजकार्य विभागाच्या सर्व्हेबाईंचे. तिघींचं काम एकच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीवरून, ते पडायच्या आधी, ते पडेल का हे सांगायचं.

कोऱ्या नोंदीचं कारण साधं होतं. लिफ्ट हलली की जमीन थरथरते, ऊन आलं की फरश्या तापतात, फ्रीजचा भार तर चोवीस तास असतोच. म्हणून सकाळी रिकाम्या घराची दहा मिनिटं नोंद घ्यायची, तिची सरासरी काढायची आणि दिवसभराच्या मोजमापातून ती वजा करायची. मग उरतो तो फक्त माणूस. वजाबाकी संगणक करायचा. कोरी नोंद उघडून कधी कोणी बघितली नव्हती. रिकाम्यात बघायचं काय?

ह्या घरात सगळ्यात पहिले चालले ते मोजणीबाईचे बाबा. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. जमीन कधीही हलेल अशा बेतानं ते घरातसुद्धा उभे राहायचे, पाय फाकवून, डावा वीतभर पुढे. कुठलंही दार उघडायच्या आधी आपसूक अर्धं पाऊल मागे सरायचे, आत येणाऱ्याला जागा म्हणून. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली, फ्रीज उघडून पाहिला आणि म्हणाले, "एवढा खर्च केलात, दोन बिस्किटं तरी ठेवायची."

मग ते बाथरूमच्या दारात वाकले.

"हा उंबरठा आपल्या घरच्याइतकाच उंच कर."

"बाबा, तो मापानं बसवलाय."

"माप मी सांगतो. चार बोटं. तुझी आई तिथंच पाय अडकवते. रोज. मला मागं उभं राहावं लागतं."

तिनं उंबरठा चार बोटं केला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी कसली अडखळते! हेच मागं मागं येतात, बाथरूमला जायचीसुद्धा चोरी."

बाबांना जाऊन आता आठ महिने झाले होते. शेवटचा महिना हॉस्पिटलात गेला. नंतर पाच दिवस नमुनाघर बंद होतं. सहाव्या सकाळी पावणेनऊला तिनं कोरी नोंद घेतली आणि कामाला लागली. आईला तिनं आपल्याकडे आणलं. आईनं तिथं आठ महिने पाहुणीसारखे काढले. पिशवी कोपऱ्यात भरलेली ती भरलेलीच.

"मला माझ्या घरी जायचंय," आई रोज म्हणायची.

"एकटी?"

"मग काय, भाडेकरू ठेवू?"

शेवटी ठरलं, की आईची चाल मोजायची. यंत्र हिरवं म्हणालं तर आई घरी जाणार, तांबडं म्हणालं तर तो विषय कायमचा बंद. आईनं हात पुढे करून टाळी मागितली. मुलीनं दिली. स्वतःच्या जमिनीवर तिचा विश्वास होता.

*

आईची चाल चांगली होती. फिजिओ एक पाऊल मागे, आईच्या कमरेच्या पट्ट्याशी हात ठेवून. खुर्चीपासून ओट्याकडे, ओट्याकडून पॅसेजमध्ये. बाथरूमच्या दारात आई थांबली, चौकटीला हात लावला, दम घेतला आणि वळली. तीन फेऱ्या झाल्या. काचेपलीकडे बसलेल्या मोजणीबाईच्या पडद्यावर तांबडं आलं.

*तीन वेळा पडल्या.*

"कोण पडलं?" आई म्हणाली. "पडले असते तर मला कळलं नसतं?"

"मी हातभर अंतरावर होते," फिजिओ म्हणाली. "तुझी जमीन खुळावली आहे."

तिन्ही वेळा जागा एकच होती, बाथरूमचं दार. आईचं वजन बावन्न किलो. त्या दोन फरश्यांवर आई उभी राहिली, की यंत्र म्हणे उणे तीन. भार शून्याखाली म्हणजे पाय जमिनीवर नाहीत, म्हणजे माणूस पडलं, हा अर्थ लावायला यंत्राला तिनंच शिकवलं होतं.

तिनं त्या दोन फरश्या बदलल्या. दुसऱ्या दिवशीही उणे तीन. तारा बदलल्या. उणे तीन. चाचणीला येणारे बाकीचे आजी-आजोबा त्या जागेवरून एका पावलात निघून जात, आणि एका पावलाची चूक संगणक स्वतःच गाळून टाकी. तिथे थांबायची ती फक्त आई.

बावन्नातून काहीतरी वजा होत होतं. पंचावन्न.

दुपारी जेवणाचा डबा बाजूला सारून तिनं त्या सकाळची कोरी नोंद उघडली.

फ्रीजचे चार पाय दिसत होते. खुर्चीचे चार. पहिलं अर्धं मिनिट तेवढंच. मग खुर्चीच्या मागच्या दोन पायांवरचा भार उतरला, जणू तिच्या हातांवर रेटा देऊन कोणी उठलं. पुढे पावलं. सावकाश, जमिनीला धरून टाकलेली. खुर्चीपासून पॅसेज, पॅसेजपासून बाथरूमचं दार. तिथं ती थांबली आणि दहा मिनिटं संपेपर्यंत हलली नाहीत. पाय फाकलेले. डावा वीतभर पुढे.

तिनं आदल्या दिवशीची नोंद उघडली. मग त्याच्या आदल्या. ती मागे मागे जात राहिली. त्या सहाव्या सकाळपर्यंत पावलं रोज होती, त्याआधी एकाही दिवशी नव्हती. आठ महिने ती कुलूप लावून बाहेर उभी राहत होती, आणि आठ महिने रोज सकाळी नेमानं त्यांना वजा करत होती.

फिजिओनं पडदा पाहिला. मग खुर्ची ओढून ती जवळ बसली.

"तुझ्या बाबांची जुनी नोंद कुठेतरी मिसळलीये," ती म्हणाली. "नमुना म्हणून त्यांचीच चाल वापरलीस ना? तीच वर येतेय."

"तेव्हा त्यांचं वजन एकाहत्तर होतं."

"बरं, मग?"

"हे एकोणसाठ आहे."

दारात पोचायच्या आधीची चाळीस सेकंदं सरासरीत रिकामी गेली, म्हणून वजा होत होते पंचावन्न. एकोणसाठ हे हॉस्पिटलातलं शेवटचं वजन. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं. ते कुठल्याही संगणकात कोणी घातलं नव्हतं.

फिजिओनं डब्यातली अर्धी पोळी तिच्या हातात ठेवली. "खा आधी," ती म्हणाली.

*

आईची चाचणी पुन्हा घ्यायची, पण वजाबाकी न करता. एवढंच तिनं ठरवलं. आईला सांगितलं, की यंत्रात बिघाड होता.

"मी म्हटलंच होतं," आई म्हणाली आणि नवी चप्पल काढून ठेवली.

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून ऊन खुर्चीपर्यंत आलं होतं. खाली कोणीतरी लोखंड कापत होतं. पडद्यावर आईची पावलं दिसत होती, आखूड आणि घाईची. बाथरूमच्या दाराशी दुसरी दोन, आज सकाळपासून तिथंच, फक्त फरशीभर मागे. मोजणीबाईनं खुर्ची काचेजवळ ओढली.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली.

तिसऱ्या फेरीला पट्ट्याचं लोंबतं टोक खुर्चीच्या हातात अडकलं. फिजिओ ते सोडवायला मागे वळली. पट्टा सुटून तिच्या हातातच राहिला आणि आई पुढे गेली.

आईचा पाय चार बोटांच्या उंबरठ्याला लागला.

काचेतून दिसलं ते एवढंच. आई पुढे झुकली. भलतीच झुकली. त्या झुकावातून माणूस परत येत नाही, हे फिजिओच्या पुस्तकात आकृतीसकट लिहिलेलं आहे.

आई तशीच राहिली.

मग सरळ झाली.

मोजणीबाई उठली तेव्हा तिची खुर्ची मागे आडवी पडली. ती आत धावली. आई चौकटीला टेकून दंड चोळत होती.

"धरलंस ते बरं केलंस," आई फिजिओकडे न बघताच म्हणाली. "पण हात किती गार गं तुझे!"

फिजिओ खुर्चीपाशी होती. तिच्या दोन्ही हातांत पट्टा होता.

"मी?" ती म्हणाली. "मला वाटलं, ही आत आली."

आईनं दोघींकडे पाहिलं. मग दंडाकडे. मग बाहीची घडी नीट केली आणि म्हणाली, "झालं का तुमचं? मला तहान लागलीये."

त्या क्षणाचे आकडे मोजणीबाईनं तीनदा तपासले. झुकायच्या आधी आई बावन्न, शेजारची पावलं एकोणसाठ. झुकल्यावर आई एकतीस, शेजारची पावलं ऐंशी. बेरीज दोन्ही वेळा एकशे अकरा. एका किलोचाही फरक नाही.

यंत्र म्हणालं, हिरवं.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊची कोरी नोंद तिनं लगेच उघडली. फ्रीजचे चार पाय. खुर्चीचे चार. दहा मिनिटं तेवढंच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेवढंच. आठ महिन्यांत पहिल्यांदाच नमुनाघर खरोखर रिकामं होतं. ती प्रसाधनगृहात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली. बाबा गेले तेव्हा तिला वेळ झाला नव्हता.

*

दिलेली टाळी मोडायची नव्हती. पण एक अट तिनं घातलीच. आईच्या घरी पुढच्या दारापासून बाथरूमपर्यंत मोजफरश्या बसतील. आई म्हणाली, "बसव. पण घोटाभर चिखल करून जाऊ नका." फरश्या बसवायला चार दिवस लागले.

सर्व्हेबाईंचा फॉर्म तिनंच भरला. वय, औषधं, शेजाऱ्यांचा फोन. सातवा प्रश्न होता, घरात आणखी कोणी राहतं का? तिनं तो मोकळा सोडला.

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," सर्व्हेबाई फोनवर म्हणाल्या. "हो किंवा नाही. मोकळं चालत नाही."

"तपासून सांगते," ती म्हणाली.

आई घरी जायची त्या सकाळी ती, आई आणि फिजिओ जिन्यात होत्या. दाराला कुलूप. फिजिओ कठड्याला टेकून उभी, आई पायरीवर मांडीत पिशवी घेऊन बसलेली, आणि मोजणीबाई वरच्या पायरीवर, गुडघ्यावर लॅपटॉप.

"माझ्याच घराबाहेर मला बसवलंय," आई म्हणाली. "काय मोजताय ते तरी कळू दे."

"रिकामं घर, आजी," फिजिओ म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तुमच्या लेकीची पूजा आहे ही. विघ्न आणू नका."

पहिलं मिनिट. काही नाही. तिसरं. पाचवं. काही नाही. खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली ओढली आणि जमीन जराशी थरथरली, एवढंच. मोजणीबाईला हायसं वाटलं, आणि वाईटही. म्हणजे आई ह्या घरात एकटीच राहणार. सातव्या प्रश्नाचं उत्तर नाही.

सातव्या मिनिटाला बाथरूमच्या दारातल्या दोन फरश्या उजळल्या.

मोजणीबाईनं लॅपटॉप जवळ ओढला. फिजिओनं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि तिचा खांदा घट्ट पकडला. पावलं निघाली. सावकाश, जमिनीला धरून. बाथरूमकडून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून पुढे. नमुनाघरात ती इतकी लांब कधीच आली नव्हती. पुढच्या दारापाशी येऊन ती थांबली. एकोणसाठ किलो. डावा पाय वीतभर पुढे, अंगठे दाराकडे.

दाराच्या ह्या बाजूला, हातभर अंतरावर, आई पिशवी सावरून उठत होती.

"झाली ना दहा मिनिटं?" ती म्हणाली. किल्ली तिच्या मुठीत होती. पण तिनं किल्ली लावली नाही, बेल दाबली.

"आई," मोजणीबाई हळूच म्हणाली, "आत कोण आहे?"

"कोणी नाही गं. हात आपोआप जातो. एकेचाळीस वर्षांची सवय."

आत बेल वाजून थांबली.

पडद्यावर दोन्ही पावलं हलकेच उचलली गेली आणि अर्धं पाऊल मागे टेकली.