दोन हिसके

तात्यांचा सख्खा मेहुणा इमारतींचे नकाशे काढायचा. काम चोख, पेन्सिल टोकदार, कणा तेवढा मऊ. हे तात्यांचेच शब्द. पेपरची शेवटची पानं छापायला गेली होती, ऑफिसातली वीज गेली होती आणि दोन नव्या वार्ताहर मुली त्यांना घेरून बसल्या होत्या.

"तात्या, एखादी खरी सांगा."

"खरीच सांगतो. खोट्या आपण रोज छापतो."

तेरा डिसेंबर, शनिवार, रात्री पावणेअकरा. मेहुणा गावाबाहेरच्या चर्चमध्ये विसरलेला ओळंबा आणायला निघाला. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाचं पितळी वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. सकाळी चर्चला ऐंशी वर्षं पुरी होणार होती आणि त्याची दोरी अजून तिथेच लोंबत होती.

चर्च देखणं. दगडी, लांबट, टोकदार कमानींच्या सहा खिडक्या, वर सागवानी छत, दारावर गायकांसाठी लाकडी सज्जा. त्याच्या इतिहासाची पुस्तिका निघणार होती आणि तिच्यातला नकाशा मेहुण्याचा. पुस्तिकेत ठेकेदाराचं नाव अकरा वेळा. दगड वाहणाऱ्या एकाचंही नाही.

मापं घेताना वर सज्ज्यात मेहुणा आणि खाली चर्च झाडणारी आजी. ती वजन भिंतीशी धरायची. नीट लागलं की दोरीला दोन हिसके. गवंड्यांची जुनी खूण : माप बरोबर, लिहून घे.

भिंती सगळीकडे अडीच फूट जाड. फक्त उत्तरेची, सज्ज्याच्या टोकाशी, चार फूट. ठोकलं तर पोकळ.

आजी खालूनच बोलली, "माझा बाप इथे गवंडी होता, दादा. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी ही भिंत कोसळली. ठेकेदाराने रातोरात आतून दुसरी चढवली. बाप पळून गेला म्हणाले. मी तेव्हा आईच्या पोटात. ऐंशी वर्षं पळपुट्याची पोर म्हणवून घेतेय. मला दुसरं काही नको. चार फूट आहे ना, तेवढं चार फूट लिहा. पुढचं लोक विचारतील."

शनिवारी दुपारी चर्चच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अडीच लिहा." अध्यक्ष त्याच ठेकेदाराचा नातू. "आणि शाळेची नवी इमारतही तुम्हालाच करायची आहे, बरं का."

मेहुण्याने खोडरबर घेतला.

रात्री किल्ली मागायला गेला तर आजी चर्चसमोरच्या तिच्या घराच्या दारातच बसलेली.

"लिहिलंत ना, दादा?"

"लिहिलं, आजी."

तिने किल्ली देताना त्याच्या हातावर हात ठेवला. गार होता.

आत अंधार. टॉर्च लावून तो सज्ज्यात चढला. दोरी कठड्याला बांधलेली होती, तशीच. गाठ सोडून ओढायला लागला. येईना.

कुठे अडकली असेल.

पुन्हा ओढली. ताठ. खाली टॉर्च मारला. दोरी सरळ लोंबत नव्हती. तिरकी होती. भिंतीकडे.

"आजी?"

खिडकीतून आजीचं दार दिसत होतं. कंदील. आजी तिथेच बसलेली.

मग दोरी हलली.

एक हिसका. दुसरा.

...

त्याने कठडा धरला.

पुन्हा. एक. दोन.

लिहून घे.

"लिहितो!" तो ओरडला. "लिहितो, चार फूट, सोडा..."

दोरी सैल पडली.

"मग त्यांनी लिहिलं?" एका मुलीने विचारलं.

"पुस्तिका पहाटे छापली गेली. अडीच फूट. आजीला कोणीतरी वाचून दाखवली. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि घरी गेली. पंधरा दिवसांत संपली."

"तुम्ही तरी बातमी करायची!"

"मला सांगितलं कधी? भिंतीला नवा गिलावा झाल्यावर. शाळेची इमारत उभी राहिल्यावर. मी समितीकडे गेलो. म्हणाले, पुरावा आणा. आमच्या संपादकांनीही तेच विचारलं. एकाच माणसाने भिंत मोजली होती, आणि त्याने सहीनिशी अडीच लिहिलं होतं."

तात्यांनी ड्रॉवर उघडला. कागदात गुंडाळलेला ओळंबा टेबलावर ठेवला.

"मेहुणा मेला तेव्हा हा माझ्याकडे आला. नऊ वर्षं झाली."

मोबाईलच्या उजेडात वजनाच्या वर, दोरीवर पांढरा ठसा दिसला. अंगठा आणि बोट. दोरी चिमटीत धरल्यासारखा.

"चुना आहे," तात्या म्हणाले. "हात लाव."

मुलीने बोट टेकवलं. झटकन मागे घेतलं.

ओला होता.