मिठाची बिस्किटं

“तूच मारलंस त्याला, ताई, तूच!” दारात मेलेल्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला भाऊ असा काही ओरडला, की ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं... आईमागे याच भावाला तिनं लहानाचं मोठं केलं होतं, त्याच्यापायी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आणि आज तो तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसा पाहत होता!

भाचीला खेळायला ताई घरीच रंगीत पीठ करायची. मैदा, त्याच्या निम्मं मीठ, थोडं तेल, रंग आणि पाणी. गोळा भांड्याची कड सोडेपर्यंत मंद आचेवर ढवळायचा आणि गरम असतानाच मळायचा. भांडी घासून चिरलेल्या बोटांना ते मीठ असं काही झोंबायचं, की सांगता सोय नाही! पण पोरगी खुदकन हसली की ताई सगळं विसरायची. त्या दिवशी पोरीनं बाटलीच्या झाकणानं त्याच पिठाची लाल-हिरवी बिस्किटं पाडली, आणि कुत्र्याला पोटभर मेजवानी दिली. “आत्या, त्यानं सगळी खाल्ली!” असं तिनं कौतुकानं येऊन सांगितलं, तेव्हा फार उशीर झाला होता. इतकं मीठ पोटात गेल्यावर काही करता येत नाही, एवढंच जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

“पीठ तूच केलंस ना? मग त्याला ते दिलं कुणी, सांग!” भाऊ गरजला.

पोरगी उरलेला गोळा मुठीत धरून दाराआड उभी होती. एवढ्याशा जिवानं हे ओझं जन्मभर वाहायचं?...

“मीच दिलं,” ताई म्हणाली. “वाटलं, पीठच तर आहे.”

“अक्कल गहाण टाकली होतीस का? नीघ माझ्या घरातून!”

पण खरा घाव घातला तो त्या चिमुरडीनं. मोठी माणसं बोलतात तेच खरं, असं त्या बालमनानं धरलं असावं... ती धावत आली आणि हातातला गोळा तिनं आत्याच्या तोंडावर भिरकावला. “आत्या वाईट आहे! आत्यानंच मारलं त्याला!”

ताईनं गालाला चिकटलेलं पीठ पुसलं आणि बोचकं बांधलं. तिला हवं होतं तेच झालं होतं, नाही का?

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत राहून ती दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करू लागली. वर्ष उलटलं, घरचं कुणी फिरकलं नाही. आणि एका दुपारी भावजय दारात उभी! तिनं रुमाल सोडला. आत वाळून कडक झालेली दोन बिस्किटं होती, आणि त्यांवर इवल्याशा बोटांचे ठसे.

“कुत्र्याचं झोपायचं खोकं मोडताना सापडली. बोटं तर आमच्या पोरीचीच!” ती ताईच्या पायांशी कोसळली. “वन्सं, का हो गप्प बसलात?”

कळलं म्हणायचं शेवटी! “अगं, ऊठ, रडू नको. बोचकं बांधायला मला कितीसा वेळ...”

भावजयीनं मान वर केली नाही. “नका येऊ, वन्सं. ती विसरलीये आता सगळं. तुम्ही दिसलात तर आठवेल तिला... यांनाही मी बोलले नाही. फक्त ते पीठ कसं करता तेवढं सांगा. ती हट्टाला पेटलीये, आणि मी केलेलं नुसतं चिरतं.”

घरचे लोक इतके निष्ठुर होतात? मग तिनं शेगडी पेटवली.

“तू गार झाल्यावर मळत असशील. गरमच मळावं लागतं, हात भाजला तरी.” मळता मळता तिच्या बोटांतून कळ गेली, पण तिनं गोळा लोण्यासारखा मऊ केला आणि डब्यात भरला. “आईनं केलंय म्हणून सांग. आणि डबा उंचावर ठेव गं, परत कुणी मुकं जनावर घरात आलं तर...”

भावजय डोळे पुसत निघून गेली. रुमाल तेवढा मागेच राहिला.

ताईनं एका इवल्या ठशावर आपलं बोट ठेवून पाहिलं. मग दोन्ही बिस्किटं पाण्याच्या बादलीत सोडली, आणि ती पुरती विरघळेपर्यंत तिथंच बसून राहिली. नंतर तिनं पुढचा सदरा इस्त्रीला घेतला.