एक राहिलंय

हस्तलिखितातलं अक्षर वाकडं आहे, छापणाऱ्यानं तेवढं चालवून घ्यावं. बाकी काही चालवून घेऊ नका. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आयटीआय, पुण्यातला कारखाना, मग दुबई, मग कॅनडातलं केंब्रिज. तिथल्या मोटारींच्या कारखान्यात मी रंग तपासतो. पांढरा सुती हातमोजा घालून दारावरून उजवा तळवा फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा कण तळव्याला लागतो. चौदा वर्षांत माझ्या हाताखालून खराब दार सुटलेलं नाही. सुपरवायझर मला ‘द हँड’ म्हणतो.

हा हात बापाचा. बाप माण तालुक्यातला धनगर. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात घेताना तो तोंडाशी उभा राहायचा आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक पाठीवरून तळवा फिरवायचा. मेंढरं एकशेसत्तर आणि बापाला मोजता यायचं शंभरापर्यंत. तरी एक कमी असलं की हाताला कळायचं. मग एकच नियम. शेवटचं मेंढरू आत येईपर्यंत तोंडाशी उभ्या माणसानं हलायचं नाही. पाऊस येवो, लांडगा येवो.

हे मी मराठी मंडळात कधी सांगितलं नाही. तिथे सगळ्यांचे आजोबा हेडमास्तर नाहीतर मामलेदार. माझी चूक होती, पण लाज माझीच नव्हती, लाजवणारेही होते. एका बाईंनी एकदा विचारलं होतं, “अय्या, म्हणजे ते टोपी-घोंगडीवाले? किती क्यूट.” मी तिथून उठून गेलो होतो.

माझी मुलगी जाई सहावीत आहे. यंदा, म्हणजे २००९च्या ऑक्टोबरात, शाळेत घराण्याच्या वारशावर प्रोजेक्ट होतं. तिनं लिहिलं होतं, ‘माझे आजोबा लाइव्हस्टॉक बिझनेसमध्ये होते.’

“हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“मॉम सेड इट साउंड्स बेटर.”

यामिनी, माझी बायको, भांडी लावत होती. ती म्हणाली, “खोटं काय आहे त्यात? मेंढ्या लाइव्हस्टॉकच असतात ना.”

“मग तुझे बाबा पोस्टात होते ते कम्युनिकेशन बिझनेसमध्ये का?”

ती हसली नाही. मी ठरवलं, पोरीनं वर्गात उभं राहून ‘माझा आजा मेंढपाळ’ म्हणायचं. एवढंच मला हवं होतं.

कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरातच असतं, त्या रविवारी मी जाईला गाडीत घातलं. सव्वा तासावर थॉर्नफोल्ड नावाची वस्ती आहे. अकरा घरं, एक दगडी चर्च, जुन्या शाळेत म्युझियम. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या यॉर्कशायरची माणसं मेंढ्या घेऊन इथे उतरली. इथल्या माणसांना त्याचा केवढा अभिमान. दारात लोखंडी मेंढी, पाटीवर मेंढी, टपालपेटीवर मेंढी. गोऱ्याचा धनगर हेरिटेज होतो, आपला धनगर क्यूट होतो. हे मी जाईला जरा मोठ्यानं सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“पोरीवर कशाला ओरडतोस रे? भिंतीसुद्धा घाबरल्या.”

सत्तरीची बाई, पांढरे केस, गळ्यात म्युझियमचं ओळखपत्र. नॉर्मा पेणकर. मूळची अलिबागची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, टोरोंटोत तीस वर्षं नर्स, नवरा गेल्यावरही इथेच राहिलेली. “रविवारी मीच उघडते. बाकीचे चर्चला जातात, मला शनिवार पाळायचा असतो. आम्ही शनिवार तेली, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे. तू कोण?”

“धनगर.”

“मग असं दबून काय बोलतोस? दिवाळीनंतर घाटावरचे धनगर यायचे, आमच्या शेतात मेंढरं बसवायला. खताला. माझी आई त्यांना भाकरी द्यायची आणि वर भांडायचीही.”

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिनं जाईला काचेच्या पेटीतला लोकरीचा पांढराशुभ्र पुंजका दाखवला. “इथला मेंढपाळ मेला की त्याच्या मुठीत हा ठेवत. मेंढ्यांपायी रविवारी देवळात येता यायचं नाही ना. वर गेल्यावर तिथल्यांनी विचारलं, कुठे होतास? तर मूठ उघडून दाखवायची.”

“म्हणजे गेट पास,” मी म्हणालो.

“तसंच.”

जाईनं ते वहीत लिहून घेतलं.

चर्चमागच्या उतारावर दगडी कोंडवाडा होता. कमरेइतकी गोल भिंत आणि एकच तोंड. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन होतं. भोवती गुडघाभर सुकं गवत. आत मात्र मुळापाशी खाल्लेलं हिरवं गवत.

“आत मेंढ्या असतात?”

“ऐंशी वर्षांत इथे मेंढी नाही,” नॉर्मा आंटी म्हणाली.

“मग हे कोण कापतं?”

“कुणी नाही. गवत कापणारे चर्चपाशीच थांबतात.”

मी खाली बसलो. यंत्रानं कापलेलं गवत एका उंचीचं असतं. गाय जिभेनं ओढते, झुपके राहतात. मेंढरू मुळाशी कुरतडतं. हे मेंढरांचं खाणं होतं, पैजेवर सांगतो. पण लेंडी एकही नव्हती.

“ससे असतील,” आंटी म्हणाली. तिनं आत पाय ठेवला नव्हता.

“असतील,” मी म्हणालो. सशाचा दात तिरका कापतो हे मला माहीत होतं. पण मी पोरीला आजा दाखवायला आलो होतो, गवत नव्हे. मी जाईला तोंडाशी उभं केलं. हात कसा धरायचा दाखवलं, गुडघ्याच्या जरा वर, तळवा खाली, बोटं सैल. नियमही सांगितला. मग मी आत गेलो आणि बापाची हाळी दिली. तीस वर्षांनी. जीभ टाळूला लावून लांब ‘हुर्रर्र’, मग दोन आखूड शिट्या.

उतारावर काही हललं नाही. आंटी म्हणाली, “अगदी त्या घाटावरच्यांसारखी रे.”

मी दुसऱ्यांदा हाळी दिली.

जाईचा तळवा किंचित वर उचलला गेला. खाली आला. पुन्हा वर. पोरगी नाटकी नाही. तिचा हात कोपरापासून सैल होता. खालून काहीतरी जावं आणि त्यावर हात तरंगावा, तसा तो वरखाली होत होता. सारख्या अंतरानं नाही. कधी दोन लागोपाठ, कधी थांबून एक. मेंढरं अशीच शिरतात. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

“जाई, पुरे.”

“दे आर वॉर्म, बाबा.”

माझ्या पिंढऱ्यांना ऊब लागली. दोन्ही बाजूंनी. चेंगराचेंगरीत लागते तशी.

मी तिचा हात धरला. तळवा तेलकट होता. वास घेतला. लोकरीचा चिकट वास, पावसात भिजलेल्या घोंगडीचा. गोठ्याबिठ्याचा नव्हे. माझ्या घरचा.

“चल.”

“देअर्स वन लेफ्ट. तूच म्हणालास, हलायचं नाही.”

मी तिला उचलून गाडीत घातलं. आंटी चर्चच्या पायरीपर्यंत मागे गेली होती. ती फक्त म्हणाली, “शेवटचं येऊ द्यायचं होतंस.”

हायवेला लागल्यावर जाई मागच्या सीटवरून बोलली. मराठीत. ही पोरगी मराठीला इंग्रजीत उत्तर देते, जन्मापासून.

“एक राहिलंय.”

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

बाप २००७ साली गेला. मी गावी गेलो नाही. प्लांटमध्ये नवं मॉडेल चालू होत होतं, सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, मी मागितली नाही. चुलतभाऊ नंदूनं फोनवर सांगितलं होतं. शेवटचे तीन दिवस आजारी बाप बाजेवरून हात खाली सोडून तळवा हलवायचा. विचारायचा, समदी आली का? आणि स्वतःच म्हणायचा, न्हाय, एक राहिलंय.

हे मी यामिनीलाही सांगितलेलं नाही.

दोन आठवड्यांनी जाईच्या वर्गाच्या बाईंचा ईमेल आला. जाईनं फार सुंदर सादर केलं. आजोबा मेंढपाळ होते असं अभिमानानं सांगितलं, हाळीसुद्धा देऊन दाखवली. यामिनी म्हणाली, “झालं ना तुझ्या मनासारखं?”

झालं होतं.

फक्त जाई रोज दुपारी शाळेतून आली की गॅरेजमधून घरात यायच्या दाराशी उभी राहायची. दार उघडं टाकून. हीटिंग बाहेर चाललंय म्हणून यामिनी ओरडायची. जाईचा हात गुडघ्याच्या जरा वर असायचा, बोटं सैल.

“कशाला उभी आहेस?”

“जस्ट वेटिंग.”

नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी माझी शिफ्ट साडेतीनला सुटली. पहिला बर्फ पडला होता. मी गॅरेजमध्ये वाकून बूट काढत होतो. जाई दारात होती.

तिनं माझ्या मानेवर तळवा ठेवला. मग पाठीवरून खाली, कण्याच्या शेवटापर्यंत. हलका, सराईत. मी हजारो दारांवर फिरवलाय तसा.

“समदी आली,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता.

तिनं माझा उजवा हात घेतला. तळव्यावर काहीतरी ठेवलं आणि करंगळीपासून एकेक बोट मिटवलं.

मग मला आत घेतलं आणि दार लावलं. कडी घातली.

मिटलेल्या बोटांमधून काही केस बाहेर आले होते. थॉर्नफोल्डच्या पेटीतली लोकर पांढरी, मऊ. हे केस काळे आणि राठ होते. माणच्या मेंढराचे. ते मेंढरू या देशात कुठे नाही.

हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलंय. कारखान्यातून रजेवर आहे. एक्स-रे काढला, स्नायू तपासले. डॉक्टर म्हणतो, हाताला काहीच झालेलं नाही, मूठ तुम्हीच आवळून धरली आहे. मी त्याला सांगितलं, मग उघड. त्याला आणि नर्सला मिळून जमलं नाही.

काल सकाळी यामिनी कोमट पाणी घेऊन आली, बोटं सोडवू म्हणाली. जाई सीरियल खात होती. तिनं वर पाहिलं आणि अगदी मायेनं, तिच्या नेहमीच्या इंग्रजीत म्हणाली,

“नॉट येट, बाबा. दे हॅवन्ट आस्क्ड.”