सरळ उभं हरीण

नवं यंत्र दुरुस्तीला गेलं ते गेलंच, आणि मोजणीदाराच्या गळ्यात कपाटातलं जुनं पडलं. जुन्या यंत्राच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. जमीन वर, आभाळ खाली, माणूस डोक्यावर उभा. हा काही बिघाड नव्हता. त्या काळी यंत्रं बनायचीच तशी. मोजणीदार याच यंत्रावर काम शिकला होता. सत्तावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरू लागले होते, पण डोळ्यांची सवय गेली नव्हती. उलटे आकडे तो पेपर वाचावा तसे सरसर वाचायचा.

काम कालव्याच्या आखणीचं होतं. उजाड माळावरून बारा किलोमीटरची रेघ, आणि दर पन्नास मीटरवर खुंटी ठोकून तिथल्या जमिनीची उंची मोजायची. त्या पन्नास मीटरच्या एका टोकाला तिवईवर यंत्र आणि मोजणीदार, दुसऱ्या टोकाला आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून त्याचा मेहुणा. बायकोचा एकुलता एक भाऊ. वीस वर्षं तो हेच करत आला होता, आणि पट्टी धरून असा निश्चल उभा राहायचा की ऑफिसात त्याचं नाव ‘खांब’ पडलं होतं. त्याचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

गेल्या वर्षी खांबाची बायको वारली आणि तो घरात बसला तो बसलाच. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर तसाच झोपायचा. शेवटी बहिणीनंच त्याची बॅग भरली.

“घेऊन जा त्याला,” ती नवऱ्याला दारात म्हणाली. “चार दिवस उन्हावाऱ्यात फिरला तर माणसात येईल. पण तुमच्या भरवशावर पाठवतेय हं. मला आता माहेर म्हणून तेवढा एकच उरलाय.”

“अगं, पट्टी धरायला नेतोय, लढाईला नाही,” मोजणीदार हसत म्हणाला. पण तो भरवसा त्याच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. जीपमधून उतरताना तो मेहुण्याचा हात धरू लागला, आणि मेहुणा त्याचा. दोघांपैकी कोण कुणाला सांभाळतंय, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

माळावर जनावरांना तोटा नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक साप तिवईच्या पायाशी वेटोळं घालून तासभर पहुडला आणि तासाभराचं काम बुडवून गेला. रानडुकरांचं अख्खं खटलं रेघ ओलांडून गेलं. त्यातलं धाकटं पिल्लू मोजणीच्या खुंटीला अंग घासत बसलं, ती उपटूनच उठलं. एका कोल्ह्यानं जेवणाची पिशवी लांबवली. मोजणीदार शिव्या घालायचा, दगड शोधायचा. खांब मात्र पापणीही हलवायचा नाही. डुकरं त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जायची.

“त्यांना तू झाड वाटत असशील,” मोजणीदार म्हणाला.

“झाडाला कोण त्रास देतंय, दाजी?” खांब म्हणाला. आठ दिवसांत त्यानं उच्चारलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मोजणीदाराला इतकं बरं वाटलं की त्यानं त्या संध्याकाळी बायकोला फोन करून ते सांगितलं.

नवव्या दिवशी दुर्बिणीत हरीण दिसलं. बिनशिंगाची मादी, खांबापासून दहा पावलांवर, त्याच्याकडे बघत उभी. मोजणीदारानं आकडा वाचला, वहीत लिहिला आणि मान वर केली. साध्या डोळ्यांना नुसता माळ दिसत होता, आणि पट्टी धरलेला खांब. गेलं असेल, तो मनाशी म्हणाला. अंग इतकं आंबलं होतं की त्याहून जास्त विचार करायचा कंटाळा आला.

पुढच्या खुंटीवर ते पुन्हा होतं. आठ पावलांवर. त्याच्या पुढच्या खुंटीवर सहा.

“तुझ्या उजवीकडे हरीण उभं असतं रे,” काम संपल्यावर तो म्हणाला.

“नाही बुवा,” खांब म्हणाला. “मला दिसलं असतं की.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जीपच्या सावलीत थर्मासमधला चहा पीत बसले होते. खांब आज चक्क काहीतरी गुणगुणत होता.

“खोटं नाही सांगत,” मोजणीदार म्हणाला. “सकाळपासून चार वेळा दिसलं. इतकं ऐटीत उभं असतं, मान अशी वर करून...”

आणि त्याला आपलेच शब्द ऐकू आले.

मान वर? या दुर्बिणीत? खांबाचं डोकं खाली दिसतं. झुडपांचे शेंडे खाली दिसतात. हरणाचे मात्र कान वर होते आणि खूर खाली. दोन दिवस त्याला काहीच खटकलं नव्हतं, कारण हरीण सरळ उभं असण्यात खटकण्यासारखं काय असतं? पण दुर्बिणीत खाली जमीन नसते. तिथे आभाळ असतं. हरीण आभाळावर पाय रोवून उभं होतं.

तो हातातला कप ठेवून उठला. दुर्बिणीचं भिंग काढलं, रुमालानं पुसलं, परत बसवलं. दूरच्या झाडावर दुर्बीण रोखली. झाड उलटं. पक्षी उलटा. जीप उलटी. यंत्रात काही दोष नव्हता. कालपासूनचे सगळे आकडे त्यानं तपासून पाहिले, तेही चोख जुळले.

“आवर,” तो म्हणाला. “घरी जाऊ.”

“आणि राहिलेल्या चार खुंट्या?”

“येईल दुसरं कुणीतरी.”

“दाजी, चार खुंट्यांसाठी कशाला अर्धवट सोडायचं?” खांब म्हणाला. मग थोडा थांबून, लाजल्यासारखा, “मला इथं बरं वाटतंय. या बाजूला जरा ऊब लागते, कुणी जवळ उभं असल्यासारखी. वर्षभरात असं वाटलं नव्हतं.”

त्यानं स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला होता.

मोजणीदारानं तेव्हाच त्याला जीपमध्ये कोंबायला हवं होतं. पण त्याला भांडायचं त्राण नव्हतं, आणि मेहुण्याच्या चेहऱ्यावर वर्षभरानं हसू आलं होतं. ते कसं पुसायचं? चार खुंट्या म्हणजे फार तर दीड तास. तो हो म्हणाला.

पहिल्या खुंटीवर हरीण दोन पावलांवर होतं.

दुसऱ्या खुंटीवर त्याचं मुस्कट खांबाच्या खांद्याला टेकलं होतं.

तिसऱ्या खुंटीवर मोजणीदाराला बघवेना. एक डोळा किलकिला करून त्यानं फक्त आकडा टिपला.

चौथ्या खुंटीवर त्यानं धीर करून पाहिलं. हरीण नव्हतं. जिवात जीव आला. सुटलो एकदाचे, असं तो मोठ्यानं म्हणाला, पट्टीवरचा उलटा आकडा वाचला, वहीत लिहिला आणि खात्रीसाठी पुन्हा डोळा लावला.

जमीन वर होती. झुडपं खाली लोंबत होती. पट्टी उलटी होती.

ती धरलेला खांब सरळ उभा होता.

डोक्यावर टोपी, पायात बूट, बूट खाली. बुटांखाली निळं आभाळ.

मोजणीदारानं मान वर केली. समोर, साध्या डोळ्यांना, मेहुणा माळावर नेहमीसारखा उभा होता. “ये इकडे,” तो ओरडला. आवाज चिरकला. “ये! झालं काम!”

खांब निघाला. पट्टी काठीसारखी टेकत, डोळे मिटून, एकेक पाऊल चाचपत. पन्नास मीटर यायला त्याला पाच मिनिटं लागली. मोजणीदार अर्ध्या वाटेवर जाऊन त्याला घेऊन आला. हात गरम होता. नाडी लागत होती.

“काय होतंय?”

“जरा गरगरतंय. दाजी, मला त्यात बघू द्या.”

“कशाला?”

“बघू द्या ना.”

वीस वर्षांत त्यानं कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. आता तो वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग त्यानं लांब श्वास सोडला.

“हां,” तो म्हणाला. “आता सगळं सरळ दिसतंय.”



खांबानं दुर्बिणीवरचा डोळा काढला, समोर माळाकडे पाहिलं, आणि एकदम दोन्ही हातांनी तिवई कवटाळली. बोटं पांढरी पडली. त्याची नजर आभाळात होती, कड्याच्या टोकावरून दरीत बघावं तशी.

“दाजी, मला धरा,” तो हळूच म्हणाला. “खाली फार खोल आहे.”

जीप तीस पावलांवर होती, आणि तिच्यापलीकडे घरापर्यंतचा सगळा रस्ता. मोजणीदारानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि पाय जमिनीत रोवले. हाताला ओढ लागली. ती वरच्या बाजूला होती.