यहूदाचा टोला

सुवार्ता धावत होती. एका हातात तुटलेली चप्पल, दुसऱ्या हातात गीतपुस्तक, वरून श्रावणाची भुरभुर... आणि मागे लागलेले घंटेचे टोले. आठ... नऊ... दहा...

घोडनदीच्या काठावरचं ते ल्युथरन कॉलेज तसं चिमूटभर, पण त्याचे कायदे मणभर. ते स्थापन करणारे ओल्सेनसाहेब बर्फाच्या मुलखातून आले, ते एक घंटा घेऊनच. दौंड स्टेशनावर ती उतरवताना हमालांची पागोटी गळून पडली म्हणतात. पुढे बैलगाडीतून शिरूरला येताना गाडी नदीत कलंडली. घंटा सापडली, पण आतला लोलक गेला. तो एका मरळ माशाने गिळला, आणि तो मासा कूस बदलताना अजून ठणकन वाजतो, असं भोई शपथेवर सांगतात. तेव्हापासून ती बिनजिभेची घंटा चॅपलसमोरच्या चिंचेला टांगलेली, आणि रेल्वेच्या हातोड्याने ठोकायची.

सकाळच्या प्रार्थनेला टोले बारा, बारा शिष्यांचे. शेवटचा, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचा. तो पडला की चॅपलचं दार बंद, मग बाहेर कलेक्टर का उभा असेना! खुद्द ओल्सेनसाहेबांना एकदा उशीर झाला, तेव्हा त्यांनी पायरीवर बसून खिडकीतून प्रवचन दिलं होतं.

अकरा! सुवार्ता अजून फाटकातच. संपलं...

पण बारावा टोला पडेचना. चिंचेखाली एक उंच, सावळा मुलगा हातोडा उगारून उभा होता. नुसता उभा. ती दारातून आत शिरली आणि मागे – ठण्ण!

प्रार्थनेनंतर ती मुद्दाम चिंचेखालून गेली.

"टोला थांबवलात?"

"छ्या! हातोडा जड हाय."

"पहिले अकरा मारताना हलका होता वाटतं?"

"तवा... तवा तुम्ही दिसला नव्हता," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव शांतवन. गाव वरवंड. या कॉलेजात प्रत्येकाला रोज काहीतरी अंगमेहनतीचं काम असे. कुणी झाडलोट करी, कुणी पाणी भरी. शांतवनकडे घंटा होती.

दुसऱ्या दिवशी सुवार्ता पुन्हा उशिरा आली. तिसऱ्या दिवशी तर चप्पलही धड होती, तरी उशिरा. टोला थांबायचा, ती हसू दाबत आत जायची, आणि तिच्या पाठीवर ठण्ण! तिला वाटे, तो टोला कुणी आपल्या वेणीत फुलासारखा खोवतंय.

पण शिरूरच्या अर्ध्या बाजारपेठेची घड्याळं त्या घंटेवर लावलेली! दिवाळीपर्यंत गावच मागे पडलं. दुकानं उशिरा उघडू लागली, एसटी उशिरा सुटू लागली. कोंबडे वेळेवर आरवले तर बायका त्यांनाच रागावत, "मेल्या, घंटा तर होऊ दे!"

आंब्याला मोहोर आला आणि दौंडहून निरोपही आला. सुवार्ताचे वडील याकोबराव रेल्वेत गार्ड होते. घड्याळ म्हणजे त्यांचा दुसरा देव. त्यांनी मुलगा बघितला होता, शलमोन नावाचा बुकिंग क्लार्क. संस्थापक दिनाच्या प्रार्थनेतच पाद्रीसाहेबांच्या हस्ते साखरपुडा, आणि मग सुवार्ताचं कॉलेज बंद. तो दिवस हुकला तर मात्र पुढे लेंटचा उपवासकाळ लागणार होता. त्यात साखरपुडे होत नाहीत.

चिंचेखाली तिने शांतवनला सगळं सांगितलं. तो हातोड्याचा दांडा पुसत राहिला.

"काहीच बोलणार नाही?"

"मी काय बोलू? मला इचारलंय कुणी..."

"मीच विचारतेय ना!"

तेवढ्यात मुलींच्या मेट्रन खोकत आल्या, आणि उत्तर राहूनच गेलं.

संस्थापक दिनाला सुवार्ता जन्मात पहिल्यांदा वेळेआधी चॅपलमध्ये बसली होती. तिची आई मार्थाबाई आदल्या दिवशीच येऊन वसतिगृहात मुक्कामाला होती ना! पण वडिलांचा आणि शलमोनचा पत्ता नव्हता. न्हावऱ्याजवळ एसटी पंक्चर झाल्याची बातमी आली, आणि सुवार्ताचं काळीज पाखरागत फडफडलं.

बाहेर घंटा सुरू झाली. नऊ... दहा... अकरा...

तिने खिडकीतून पाहिलं. फाटकातून शलमोन धावत येत होता. मागे, पार मागे, तिचे वडील. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात तुटकी चप्पल, तोंडाला फेस. आणि चिंचेखाली शांतवन, हातोडा उगारून.

मार ना... तिने डोळे मिटले. देवा, मारू दे याला. एकच टोला!

एकाच चपलेची फटफट. वडिलांची धाप. कुणीतरी बाकावर धपकन बसलं... आणि मग, ठण्ण!

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मेल्या, माझ्यासाठी थांबायचास, आणि आज माझ्या मुळावर थांबलास?

गीतं झाली, प्रवचन झालं. पाद्रीसाहेबांनी दोन्ही घरच्यांना पुढे बोलावलं. तोच शलमोन मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाला, "आधी एक तक्रार आहे. तुमची घंटा उशिरा होते. ती ठोकणाऱ्या माणसाला काढून टाकायला हवं."

शांतवनला आत बोलावलं गेलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"हे मामा धावत व्हते," तो म्हणाला. "म्हातारं माणूस, चप्पल हातात... हातोडा खाली येईना."

"नियम म्हणजे नियम!" शलमोन फुशारला. "मी असतो तर मारला असता टोला."

याकोबरावांच्या मिशा थरथरल्या. "म्हंजी मी भाईर?"

"नियमानं... होय."

चॅपलमध्ये खसखस पिकली. पण शलमोन थांबला नाही. "रोजच उशीर होतो म्हणे. रोज कोण म्हातारं धावतं, विचारा की!"

सुवार्ता उठली.

"मी धावते, बाबा. रोज."

याकोबराव कडाडले, "तुझ्यासाठी समदं गाव खोळंबलं? तीस वर्षं गाड्या सोडल्या मी! एक सेकंद कधी कुणासाठी थांबलो न्हाई!"

"व्हय का?" मागच्या बाकावरून मार्थाबाईचा आवाज आला. "आन् दौंडच्या फलाटावर मी बोचकं घेऊन पळत व्हते, तवा हिरवा बावटा काखेत दाबून कोण उभं व्हतं वो?"

"तवा... इंजिन पाणी घेत व्हतं."

"इंजिन पाणी घेत व्हतं, का गार्डसाहेब मला बघत व्हते?"

आता पाद्रीसाहेबांनाही रुमाल तोंडाशी धरावा लागला. याकोबराव टोपीच्या आत काहीतरी हरवल्यासारखे बघत राहिले. मग शलमोनला म्हणाले, "शलमोनराव, ज्यानं तुम्हाला आत घेतलं त्यालाच तुम्ही भाईर काढता? माझी पोर जन्माची उशिरा येणारी हाय. तुमच्याकडं ती दाराभाईरच बसंल." घसा खाकरून ते पाद्रीसाहेबांकडे वळले. "पोरीला आधी बी.ए. होऊ द्या, साहेब."

सुवार्ताने इतका मोठा श्वास सोडला, की वेदीवरची मेणबत्ती विझली म्हणतात.

दुपारी चिंचेखाली ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आज तरी मारायचा होता!"

"धावणारं माणूस दिसलं की हात खाली येत न्हाई माझा."

"म्हणजे मी पण तसलंच एक धावणारं माणूस?"

"न्हाई..." तो चिंचेच्या बुंध्याशी बोलला. "तुम्ही चालत आला, तरी येत न्हाई. तुम्ही आलाच न्हाई ना सुवार्ता, तर... बारावा टोला मी जन्मात मारणार न्हाई."

"मग शिरूरच्या कोंबड्यांचं कसं व्हायचं?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने आपला हात त्या हातोड्यावर, त्याच्या हातावर ठेवला.

ती बी.ए. झाली, त्याला शिक्षकाची नोकरी लागली, आणि त्याच चॅपलमध्ये दोघांच्या लग्नाचा दिवस उजाडला. पांढऱ्या साडीतली नवरी वेळेआधी हजर. नवराच कुठे दिसेना! जन्मभर घंटा वाजवून दुसऱ्यांना उठवणारा. त्या दिवशी त्याला उठवायला कोण?

दहा... अकरा...

फाटकातून शांतवन धावत येत होता, एका हातात बूट घेऊन. दाराशी पाद्रीसाहेब चुळबुळ करत होते. "याकोबराव, झाली वेळ! मारा की टोला!"

चिंचेखाली हातोडा उगारून उभे असलेले याकोबराव गार्ड खिशातल्या घड्याळाकडे न बघताच म्हणाले, "थांबा वो साहेब. जावई फाटकात हाय."