ताईचा एककानी राक्षस

नर्सने डोळ्यांत थेंब घातले, बाकावर बसवलं आणि सगळी खोली धूसर झाली. शेजारी एक पांढरा शर्ट होता. त्याला चेहराही असणार, पण मला दिसत नव्हता.

माझा फोन वाजला. टिंग... टिंग...

"खडे जुळवा, राक्षस पकडा. तोच गेम ना?" शर्ट म्हणाला. "फुकट म्हणतात, आणि दोन डाव झाले की राक्षसाचं अंडं विकत घ्या म्हणून मागे लागतात. माझा गेम बरा. निवांत कोडी सोडवायची, राक्षस पाळायचे."

"आणि तुमच्या गेममधल्या जाहिराती? चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!"

तो हसला. त्या हसण्यानेच मी निम्मी विरघळले.

"शिवाय तुमच्यात एकट्यानेच खेळायचं," मी म्हणाले. "माझ्यात अडलं की दुसऱ्याचा राक्षस मदतीला बोलावता येतो. माझ्या ताईचा रोज येतो."

"ताईही खेळतात?"

"ताई गेल्या वर्षी गेली."

महिनाभर कुणी गेम उघडला नाही की अकाउंट पुसलं जातं. तिचं मात्र शिल्लक होतं. रोज सकाळी मी हाक मारायची, रोज तो यायचा. तो यायचा थांबला, तर ताई पुन्हा एकदा जाईल... हेही मी त्याला सांगून टाकलं.

तो हळूच म्हणाला, "निळा? एका कानाचा?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मी एक जुना फोन घेतला होता. त्यात तुमचा हा गेम होता. रोज कुणाची तरी हाक यायची, मी 'पाठवा' दाबायचो... नाही म्हणवत नव्हतं. कोण असेल, याचाच विचार करायचो."

म्हणजे भावोजींनी ताईचा फोन विकला होता. राग यायला हवा होता. मला रडूच आलं.

"रोज पाठवलात," मी म्हणाले.

"रोज नाही." त्याचा आवाज उतरला. "मागच्या आठवड्यात तो फोन बंद पडला. अजून दुरुस्तीलाच आहे. चुकल्यासारखं वाटत होतं, पण सांगणार कुणाला?"

"पण... तो आज सकाळीही आला होता."

टिंग.

मी हाक मारली नव्हती. तरी फोनच्या धूसर पडद्यावर काहीतरी निळं हललं. कान एकच होता. कुणी कुणाचा हात आधी धरला, देव जाणे.

"घाबरलात?"

"खूप."

"हात सोडू?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "या खेपेला तिने तुम्हाला पाठवलंय... आणि चेहरा न बघताच मला तुम्ही आवडलात."