हिरडगडाची टोचणी

शके अठराशे वीसच्या पौषातली ही हकीकत. त्या हिवाळ्यात इंग्रजांच्या छत्राखालच्या चिमुकल्या हिरडगड संस्थानात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरला होता.

उजाडताना गडाखालची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असे. महादरवाज्याच्या बुरुजावरून पेठ दिसत नसे, पण तिथली जाती, कोंबडे, पाणवठ्यावरच्या बायांची भांडणे एरवी वरपर्यंत ऐकू येत. त्या साली ते सारे आवाज एकेक करून बंद झाले, आणि माळावर रोग्यांसाठी घातलेल्या छावणीचा धूर तेवढा धुक्यातून वर येताना दिसू लागला. जमादार रायाजी सणस रोज पहाटे त्या धुराकडे पाही, मग वळून माचीकडे पाही. माचीवर त्याची बायको सकवार, लेक आणि दोन नातवंडे राहत.

गडावर विधवा राणी गुणवंताबाईसाहेब आपल्या लहानग्या दत्तक बाळराजांसह राहत होत्या. बाळराजे ज्याच्या ताब्यात, संस्थान त्याच्या हातात, हे सगळे जाणत; आणि सर्वांत जास्त जाणत ते कैलासवासी महाराजांचे धाकटे बंधू दौलतराव. त्यामुळे महादरवाजा राखणे म्हणजे बाळराजांना राखणे होते, आणि तीन पिढ्यांपासून ते काम सणसांच्या घरात होते.

पौषात बाईसाहेबांचा हुकूम सुटला. गडावर जो चाकरी करील त्याने प्लेगची टोचणी घेतलीच पाहिजे. न घेईल त्याने गड उतरावा. सल्ला संस्थानचे डॉक्टर सबनीस यांचा होता. नवल असे की भर सदरेवर या हुकुमाला पहिला रुकार दिला तो दौलतरावांनी.

गडकऱ्यांत मात्र गलका उडाला.

“बापजाद्यांनी तलवारीचे वार घेतले तेव्हा जमिनी मिळाल्या,” तोफेवरचा म्हातारा गोलंदाज हैबती म्हणाला. “आपण आता सुईचे घ्यायचे, अन् ते कशापायी? तर आहे ती भाकरी जाऊ नये म्हणून!”

“त्यात कसलं कसलं रक्त असतं म्हणं,” सुभाना भोईटे कुजबुजला.

“तुझ्यापेक्षा चांगल्याचंच असंल,” कोणी तरी म्हणाले आणि हशा पिकला. हैबती मात्र हसला नाही. त्याने कमरेचा पट्टा सोडला, रायाजीच्या पुढ्यात ठेवला आणि मुजरा करून गड उतरला. तो गेल्यावर कोणी हसले नाही.

डॉक्टर सबनीस सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी समजावले, “टोचल्यावर ताप येतो. अंग मोडून येतं, काखेत सूज येते. दोन दिवसांत सगळं उतरतं. म्हणून अर्ध्या पहाऱ्याला आज टोचू, उरलेल्यांना आठवड्यानं.”

पण हिरडगडाची रीत वेगळी होती. गडकरी शपथ घेत ती एका पंगतीत बसून, भंडारा उचलत तो एका वेळी. अर्धी पंगत बसली आणि अर्धी उभी राहिली, असे त्या गडावर कधी घडले नव्हते. “बसलो तर समदे बसू,” हे एकच उत्तर त्यांच्याकडे होते.

रायाजी पुढे झाला. “डॉक्टरसाहेब, आज अर्धे तापानं कण्हताना दिसले, तर राहिलेले उद्या हैबतीच्या वाटेनं जातील. पहिली सुई मला टोचा. माझ्यामागं सगळे बसतील, याला मी जामीन.”

“आणि पहारा कोण देईल, जमादार?”

“मी देईन. ताप आला म्हणून सणसाचा दरवाजा कधी पडला नाही.”

दौलतराव सदरेच्या खांबाला टेकून ऐकत होते. “जमादार वाजवी बोलतात, डॉक्टर. माणसांची रीत मोडून त्यांना औषध पाजता येत नाही,” ते म्हणाले, आणि मग, सहज विचारावे तसे, “काखेतली सूज उद्या सकाळपर्यंत दिसू लागेल ना?”

“हो, दिसेल की,” डॉक्टर म्हणाले.

सदरेपुढच्या फरसबंदीवर पंगत बसली. रायाजीने बाही सारली. डॉक्टरांनी सुई घातली तेव्हा त्याने त्यांच्याकडे नव्हे, आपल्या माणसांकडे पाहिले. आणि एकेक दंड उघडा होत गेला. सकवार माचीवरून वर आली होती. ती नवऱ्याला एवढेच म्हणाली, “तुमच्या एका शब्दावर बसले सारे. सांभाळा त्यांना.”

दुपारी दौलतरावांच्या वाड्यातून निरोप आला, की कोणी अत्यवस्थ आहे, डॉक्टरांनी तातडीने पेठेत यावे. डॉक्टर गेले. ते परत गडावर आले नाहीत. वाड्याच्या देवडीवर त्यांना अदबीने बसवून ठेवण्यात आले होते.

दुसऱ्या दिवशी धुके फाटायच्या आत महादरवाज्याखाली घोडी खिंकाळली. दौलतराव होते, त्यांचे भालदार होते, आणि इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांचा गोरा कप्तान प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या शिपायांसह आला होता.

रायाजी भाल्याच्या आधाराने बुरुजावर उभा होता. डोळ्यांपुढे दरी हलत होती. मागे देवडीत त्याची माणसे घोंगड्यांत कुडकुडत पडली होती. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची ताकद कोणात नव्हती.

“दरवाजा उघडा!” दौलतरावांनी आवाज दिला. “गडावर प्लेग लागला आहे आणि तो लपवला जातो आहे. कप्तानसाहेब झडती घेणार.”

“सरकार, हा प्लेग नव्हे,” रायाजी वरून म्हणाला. “टोचणीचा ताप आहे, काल तुमच्या समोरच टोचलं. डॉक्टरांना विचारा.”

“डॉक्टर कुठे आहेत, जमादार?”

तेव्हा कुठे रायाजीला सारे उमगले.

“बाईसाहेबांचा शब्द आल्याबिगर हा दरवाजा उघडणार नाही,” तो म्हणाला. त्याच्या हाकेसरशी घोंगड्या फेकून पाचसात जण उठले, भिंत धरधरून उभे राहिले. त्यांत सुभानाही होता.

बाईसाहेब बाळराजांना कडेवर घेऊन स्वतः देवडीवर आल्या. त्यांनी ती थरथरणारी माणसे पाहिली, खालच्या बंदुका पाहिल्या. “कप्तानावर भाला उचलला तर उद्या तोफा येतील. या माणसांना मी मारवणार नाही,” त्या म्हणाल्या. “दरवाजा उघडा, जमादार. हा आमचा हुकूम आहे.”

रायाजीने आपल्या हाताने अडसर काढला.

कप्तानाने दोघातिघांचे हात वर करून काखा पाहिल्या आणि नाकाला रुमाल लावला. त्याला आणखी पुरावा नको होता. तो बाकीच्यांकडे वळला तेव्हा दौलतरावांनी रायाजीला कोपऱ्यात घेतले.

“एक वाक्य बोल. सुईनं रोग आला आणि ती सुई राणीनं जबरीनं टोचवली, एवढंच कप्तानासमोर सांग. मग तुम्ही फसवले गेलेले ठराल, आणि तुझी माणसं माचीवर आपापल्या घरात बरी होतील. नाहीतर आत्ता माळावरच्या छावणीत, रोग्यांच्या शेजारी.”

जवळच पडलेल्या सुभानाने ते ऐकले. “जमादार, बोला की! एवढंच तर म्हणायचंय. आमची पोरं बघा.”

रायाजीने सुभानाकडे पाहिले, मग बाईसाहेबांकडे. ज्यांचा तो जामीन होता ती माणसे एकीकडे होती, आणि जिचे मीठ खाल्ले ती बाई, लहानग्या पोरासह, दुसरीकडे. आणखीही एक गोष्ट होती. आज त्याने सुईला रोग म्हटले असते, तर त्या खोऱ्यात पुन्हा कोणी दंड उघडा केला नसता.

तो कप्तानासमोर गेला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, “साहेब, ही टोचणी मी मागून घेतली, आणि माझ्या माणसांना मी घ्यायला लावली. हा तिचाच ताप आहे, उद्या उतरेल. बाईसाहेबांचा काही दोष नाही.”

कप्तानाने मान हलवली. तापात माणूस बडबडतो, हे त्याने पुष्कळ छावण्यांत पाहिले होते. डोंगर उतरून डोल्या माळाकडे निघाल्या, आणि माचीवरच्या बायका वाटेच्या दोन्ही अंगांनी रडत उभ्या राहिल्या. सकवार रडली नाही. तिने रायाजीकडे पाहिले आणि घराचे दार लावून घेतले.

गडावर रोग निघाला आणि तो लपवला, या ठपक्यावरून गुणवंताबाईसाहेबांना नाशिकला धाडण्यात आले. बाळराजांना त्यांनी पुन्हा पाहिले नाही, आणि तिसऱ्या वर्षी त्या तिथेच वारल्या. दौलतरावांनी बाळराजांच्या नावाने आणि पुढे आपल्याच नावाने वृद्धापकाळापर्यंत राज्य केले. डॉक्टर सबनीसांनी एजंटसाहेबांकडे खरे सांगायचा यत्न केला. त्यांची बदली झाली, मग नोकरी गेली. हैबती गोलंदाज पेठेत राहायला गेला आणि पंधरवड्यातच प्लेगने मेला.

छावणीत गेलेल्यांपैकी सुभानासह तिघे मेले, रायाजीसह बाकीचे परतले. रोग्यांच्या अंगाला अंग लावून राहिले आणि तरी परतले, ते टोचणीमुळेच; पण हे खोऱ्यात कोणाला पटवता आले नाही. सुई घेतली आणि सुभाना गेला, एवढेच लोकांनी लक्षात ठेवले. दोन वर्षांनी प्लेग पुन्हा आला, तेव्हा सरकारी डॉक्टर गावोगाव हिंडले आणि माणसे रानात पळाली. रायाजी दारोदार जाऊन सांगत राहिला. त्याच्या तोंडावर दारे लागली, तसे त्याच्या स्वतःच्या घराचे दारही त्याला उघडले नाही. लेकीला आणि नातवंडांना घेऊन सकवार डोंगरापलीकडे भावाच्या गावी निघून गेली, सुई न घेताच. त्या गावात प्लेग शिरला, आणि तिथून परत कोणीच आले नाही.

रायाजी सणस पुढे पुष्कळ वर्षे जगला. टोचणीने त्याला राखले होते.